बॉलच्या अलीकडे गाडी

आमच्या गॅरेजात गाडी सोडून सगळं मावतं. छताला होडी टांगलेली आहे. गवत कापायची दोन यंत्रं आहेत. पहिलं बंद पडलं की दुसऱ्याचे भाग त्याला घालायचे, आणि दुसरं बंद पडलं की पहिल्याचे. आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्यांत खिळे, स्क्रू, वायसर असं सगळं भरलेलं आहे. त्यातल्या एखाद्या बादलीत आइस्क्रीम निघेल अशी आशा मी सातवीत सोडली.

आईची गाडी त्यामुळे बाहेर उभी असते. मिनेसोटात याचा अर्थ असा की आई उजाडायच्या आत, डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून, काचेवरचा बर्फ खरवडत असते. शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुख्य आहे, पोरांच्या आधी पोचावं लागतं. बाबा तेव्हा वरच्या खिडकीतून तिच्याकडे बघतात आणि मनापासून हळहळतात. हळहळून झालं की परत झोपतात.

या ऑक्टोबरात एका संध्याकाळी आईनं काटा बशीत ठेवला.

"लाइल, पहिला बर्फ पडेल तेव्हा माझी गाडी गॅरेजात असेल. नाहीतर तुझं टेबल बाहेर असेल."

"ते टेबल हलत नाही, आर्डिस. तुला माहितीये," बाबा म्हणाले.

"हलवायचं कोण म्हणतंय? मी कापणार आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्याकडे पाहिलं.

ते टेबल म्हणजे गावातल्या बोलिंगच्या हॉलमधली जमीन आहे. हॉल बंद पडला तेव्हा बाबांनी सात नंबरच्या पट्टीचा एक सलग तुकडा घरी आणला, आणि गॅरेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी पायांवर चढवला. चेंडू कुठल्या दिशेनं सोडायचा ते दाखवणारे बाण अजून त्यात जडवलेले आहेत. धान्याच्या कोठारातली नोकरी संपल्यापासून बाबा त्या टेबलापाशीच असतात. गावातली मोडकी खुर्ची तिथे येते आणि धड होऊन जाते. ते टेबल नसेल तर बाबा दिवसभर घरात असतील, हे आईच्या अजून लक्षात आलं नव्हतं. मी ते तिला सांगणार होते, पण बाबांनी मला गप्प राहायची खूण केली. त्यांना टेबल स्वतःच्या हिमतीवर वाचवायचं होतं.

"जागा नाही असं नाहीच," दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. "जागा वाया जातेय. सगळा पसारा खाली जमिनीवर आहे, आणि टेबलाखाली नुसती हवा आहे. तिथे कपाटं घालायची. खणांची. लोखंडी. पसारा खणात, गाडी जमिनीवर, विषय संपला."

कपाटं त्यांनी आधीच ठरवली होती. शेजारच्या गावात एक मेकॅनिक धंदा आवरत होता. त्याची दोन लाल कपाटं, कमरेच्या वर येणारी, बोटानं ओढलं तरी सरकतील अशा खणांची. आमचा शेजारी ड्वेन त्याच्या ट्रेलरवरून ती घेऊन आला. नुसती आणून देऊन जावं, तर नाही. आमच्याकडे गॅरेजचं दार वर गेलं की आजूबाजूचे पुरुष कॉफीचे मग घेऊन येतात आणि उंबऱ्यापाशी उभे राहतात. कुणी बोलावत नाही, कुणी बसत नाही. ड्वेन असा गेली कित्येक वर्षं उभा आहे.

मी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात रंगांच्या काउंटरवर आहे, म्हणून टेप माझ्या हातात.

"बाबा, आधी गाडी मोजूया," मी म्हणाले.

"गाडी कशाला मोजायची? बॉल आहे ना."

छतापासून दोरीला एक टेनिसचा बॉल लोंबतो. गाडी आत घेताना तो समोरच्या काचेला टेकला की थांबायचं. बाबांनी तो माझ्या जन्माच्या आसपास बांधला, आणि बॉल आणि मी यांपैकी त्यांचा जास्त विश्वास कुणावर आहे हे मी कधी विचारलं नाही.

"बॉलच्या अलीकडे गाडी," बाबा म्हणाले, "बॉलच्या पलीकडे मी."

"पण तो जुन्या व्हॅनसाठी बांधला होता. तिला नाकच नव्हतं. आता आईकडे आत्याची गाडी आहे."

आईची आत्या वारली तेव्हा ही गाडी आमच्याकडे आली. तिचं नाक इतकं लांब की पुढचा दिवा चौकात पोचतो तेव्हा आई अजून गल्लीत असते.

"गाडी बदलली," बाबा म्हणाले, "काच तर काचच आहे ना?"

यात तर्क नव्हता, पण आत्मविश्वास इतका होता की मी टेप गुंडाळली.

"बरोबर बोलतोय तो," ड्वेन उंबऱ्यावरून म्हणाला. ड्वेनचं स्वतःचं गॅरेज गेल्या वर्षी त्याच्याच ट्रॅक्टरनं मागून फोडलं होतं.

कपाटं टेबलाखाली बसत नव्हती. दोन बोटं उंच होती. बाबांनी त्यांची चाकं काढली आणि ती मधोमध, शेजारी शेजारी, अशी घट्ट बसली की जणू तिथेच उगवली. मग आम्ही बादल्या रिकाम्या केल्या. पाने एका खणात, पटाशा दुसऱ्यात, कशाच्याही नसलेल्या किल्ल्या तिसऱ्यात. शेवटचा खण लावून बाबा मागे सरले, कंबरेवर हात ठेवून बघायला लागले, आणि दोन्ही कपाटांचे सगळे खण आपोआप सावकाश बाहेर आले.

बाबांनी ते परत ढकलले. ते परत आले.

"भूत," ड्वेन म्हणाला.

"उतार," बाबा म्हणाले. वितळलेला बर्फ दाराकडे वाहून जावा म्हणून आमच्याकडे गॅरेजची जमीन पुढे उतरती करतात. बाबांनी पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा भिंतीला जाऊन चिकटला. "ब्रिटा, माझ्या हॉकीच्या चकत्या कुठे आहेत?"

"कशाच्याही नसलेल्या किल्ल्यांखाली."

बर्फावरच्या हॉकीची ती काळी रबरी चकती शंभर जणांनी काठीनं बडवली तरी तिला काही होत नाही, मग कपाटाखाली काय होणार. पुढच्या पायांखाली एकेक सरकवली. मात्र त्या जाडीनं कपाटं टेबलाला खालून अशी भिडली की टेबल चर्र बोललं. पण बुडबुडा मध्यावर आला आणि खण जागच्या जागी राहिले. बाबांनी ड्वेनशी हस्तांदोलन केलं. ड्वेननं काही केलं नव्हतं, पण त्यानं ते स्वीकारलं.

शनिवारी दुपारपर्यंत जमीन दिसायला लागली. तिचा रंग करडा होता, हे मला नवीन होतं. रेडिओवर सांगत होते की संध्याकाळी बर्फ. बाबांनी आईला हाक मारली, आणि ती ॲप्रनवरच बाहेर आली.

"घे आत," बाबा म्हणाले. "डोळे बॉलवर ठेव."

आईनं डोळे बॉलवर ठेवले. गाडी आत आली, येत राहिली, अजून येत राहिली. बॉल काचेपासून चांगला दीड-दोन हात लांब असताना खालून टक् असा आवाज झाला. गाडीच्या नाकानं पटाशांचा खण दाबला होता. मागची डिकी पूर्णपणे बाहेर, अंगणात होती.

"बॉल लागला नाही अजून," बाबा म्हणाले.

"लाइल, मी भिंतीत जाऊ का?"

आई उतरली. आम्ही सगळे डिकीकडे बघत उभे राहिलो. तेवढ्यात ड्वेनबरोबर आणखी दोन शेजारी येऊन उभे राहिले होते, कारण अशी बातमी आमच्या रस्त्यावर फोनशिवाय जाते.

"बर्फ नुसता डिकीवर पडेल," बाबा म्हणाले. "काच तर आत आहे. तुला काच खरवडायची नव्हती ना?"

"आणि दार?"

"दार उघडं ठेवू."

"म्हणजे रानातले रॅकून आत येऊन तुझ्या खणांत निजतील."

"खण सपाट आहेत," बाबा म्हणाले. "निजू देत."

आईनं आभाळाकडे पाहिलं. ते पांढरं होतं. ती आत गेली आणि बाबांचीच गोल करवत, वायरीसकट, घेऊन आली. तिनं ती टेबलावर, बाणांच्या बरोबर मध्ये ठेवली. बाबांचा चेहरा बघवेना. धान्याच्या कोठाराला आग लागली होती तेव्हासुद्धा ते इतके गंभीर नव्हते.

"आर्डिस, सात नंबरची पट्टी आहे ती. तू मला त्यावर हरवलं होतंस."

"म्हणून तर मी कापणार. दुसऱ्या कुणाला हक्क नाही."

"काहीतरी मार्ग असेल."

"काय मार्ग? गाडी आखडत नाही, गॅरेज ताणलं जात नाही. आता काय गाडीचं नाक टेबलाखाली घालू?"

बाबांनी कानावरची पेन्सिल काढली.

"लाइल," आई म्हणाली, "मी टोमणा मारला."

"हो," बाबा म्हणाले, "पण मापात मारलास."

त्यांनी मला बॉनेटची उंची मोजायला लावली. मग कपाटाची. कपाट जास्त उंच होतं. चकत्या आणि चाकं धरून तर बरंच. लाकडी पाय काढायचे, कपाटं दोन्ही भिंतींना एकेक लावायची, तेच टेबलाचे पाय. वर सात नंबरची पट्टी, मध्ये नुसती हवा, आणि त्या हवेत आत्याच्या गाडीचं नाक. बाबा दोन वाक्यांत सांगून मोकळे झाले, जणू त्यांचं पहिल्यापासून हेच ठरलं होतं.

"ती पट्टी उचलणार कोण?" मी विचारलं.

बाबांनी उंबऱ्याकडे पाहिलं. उंबऱ्यावरच्या तिघांनी आपापल्या मगांत पाहिलं.

"आम्ही नुसते उभे राहायला आलो होतो," ड्वेन म्हणाला.

"इतकी वर्षं उभा आहेस," आई म्हणाली. "आता वाक."

ते वाकले. आईनं गाडी मागे घेतली, मी गाडीच्या डिकीतून जॅक काढला आणि पट्टीच्या एका टोकाखाली लावला. दुसऱ्या टोकाला ते तिघं आणि बाबा. पट्टी वर गेली. मी पहिल्या कपाटाला चाकं बसवली, ते भिंतीकडे ढकललं, चाकांना खुंट्या मारल्या, पुढच्या चाकांखाली चकत्या. खण सगळे भरलेले होते. आतल्या किल्ल्या वाजत होत्या. मग टोकं बदलली. या दुसऱ्या खेपेला, पट्टी हवेत आणि ड्वेनचा चेहरा बीटासारखा असताना, आई अंगणातून म्हणाली,

"पडला."

आम्ही सगळे थांबलो. तिनं स्वेटरची बाही पुढे केली. त्यावर एक कण होता.

"तो पिठाचा आहे," बाबा पट्टीखालून म्हणाले. "तू सकाळी बेकिंग करत होतीस."

"वितळतोय, लाइल."

"एक कण म्हणजे बर्फ नव्हे," ड्वेन दात आवळून म्हणाला. "कायद्यानं नाही."

आईनं करवतीकडे पाहिलं. करवत पट्टीवर होती, आणि पट्टी चार माणसांच्या खांद्यावर. त्या क्षणी तिला ती घ्यायची असती तर स्टूल लागलं असतं. बहुतेक म्हणूनच तिनं आणखी एका कणाची वाट बघायचं ठरवलं.

तो पडायच्या आत दुसरं कपाट बसलं होतं. पट्टी खाली आली, कण्हली, आणि स्थिर झाली. बाबांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर. मी सगळे खण ओढून पाहिले; ते आले तेवढेच आले आणि ढकलले तेव्हा गेले.

"बस गाडीत," बाबा आईला म्हणाले.

आई बसली. बाहेर आता खरंच पडायला लागला होता, बाही दाखवायची गरज नव्हती. गाडी पुढे सरकली. तिचं नाक दोन लाल कपाटांच्या मधून पट्टीखाली शिरलं, शिरत गेलं, आणि बाणांच्या खाली दिसेनासं झालं. मी वर बघत होते. बॉल काचेला टेकला. आई थांबली. मी मागे पळत गेले आणि दार खाली ओढलं. डिकीला न लागता ते जमिनीला टेकलं.

अंधारात कुणीतरी दिवा लावला. बाबा बॉलकडे बघत होते.

"मी काय म्हणत होतो?" ते म्हणाले.

व्हॅनला जेवढं नाक नव्हतं तेवढंच आता टेबलाखाली गेलं होतं, बाकी काही नाही. हे मी त्यांना सांगितलं असतं, पण ते ड्वेनशी पुन्हा हस्तांदोलन करत होते. आईनं करवत उचलून, वायर गुंडाळून, खणात ठेवली. योग्य खणात.

आता टेबल बाबांच्या कोपराशी येतं. सहा फुटांच्या माणसाला इतकी वर्षं वाकावं लागत होतं ते आता लागत नाही, आणि कंबर दुखत नाही हा शोध ते रोज नव्यानं जाहीर करतात. दुसरा शोध आईच्या पहिल्या सोमवारी लागला. ती शाळेतून आली, गाडी आत घेतली, आणि थोड्या वेळानं बाबांनी पट्टीवर हात ठेवला तर ती ऊबदार होती. खाली गरम इंजिन. हिवाळ्यात आमच्या गॅरेजात सरस सुकत नाही आणि बोटं वळत नाहीत. आता दोन्ही होतं, पण फक्त आई कुठून तरी आल्यावर.

"आर्डिस," परवा रविवारी बाबांनी दारातून विचारलं, "तुला दूध वगैरे आणायचं नाही का?"

"फ्रिज भरलाय."

"तुझी बहीण?"

"ती काल आली होती इथे. तूच तिला कॉफी दिलीस."

मग बाबांनी किल्ली घेतली, गावाला लांबचा वळसा घालून आले, आणि खुर्चीचा पाय चिकटवला. बाहेर उणे वीस होतं. जाताना काच अजिबात खरवडावी लागली नाही, हे त्यांनी आईला मुद्दाम येऊन सांगितलं.