चव्वेचाळीस पौंड

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या. त्यांतल्या एकीनंही कुणाचं फारसं वाकडं झालं नाही. जे वाटोळं केलं ते एका खऱ्या बोलण्यानं केलं, आणि तेही आर्डनचं.

आर्डन आणि मी विस्कॉन्सिनच्या कागद गिरणीत एकाच यंत्रावर तीस वर्षं उभे होतो. घरामागच्या रानात दोघांनी धनुष्यबाणानं हरणं मारली, वाटून खाल्ली. पण डोक्यात कायम वायोमिंग. तिथला एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. सप्टेंबरात नर माजावर येतो, डोंगरात शीळ घालतो आणि मादीचा आवाज आला की तीस पावलांवर येऊन उभा राहतो म्हणे. म्हणे, कारण आम्ही ती शीळ फक्त आर्डनच्या फोनवर ऐकली होती.

परराज्यातल्या माणसाला तिथला परवाना सोडतीत मिळतो. नाव निघालं नाही की एक गुण जमा होतो आणि दर वर्षी नंबर थोडा जवळ येतो. आम्ही जोडीनं अर्ज करायचो. अकरा वर्षं केला. बाराव्या वर्षी, मे महिन्यात, दोघांची नावं निघाली. तेव्हा मी चौसष्टचा होतो आणि आर्डन सहासष्टचा. गुण एकदा वापरले की पाटी कोरी. पुन्हा अकरा वर्षं थांबायचं तर तो सत्त्याहत्तरचा झाला असता. पुढची सोडत आपल्यासाठी नाही हे दोघांनाही कळत होतं.

मग दर गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात बैठका सुरू झाल्या. नकाशे मी आणले. याद्या मी केल्या: मोजे किती, बाण किती, पायातल्या फोडांना लावायचं मलम कुणी घ्यायचं. आर्डन नुसता माझ्या बायकोनं केलेला सफरचंदाचा केक खायचा.

"व्हर्न्या, तू शिकारीला चाललायस की मुलगी उजवायला?"

"तुझ्यावर सोडलं तर तू दात घासायचा ब्रशसुद्धा विसरशील."

"आणीन ना. पण तुझ्या यादीत तो कितव्या पानावर आहे ते सांग."

त्या रानात परराज्यातल्या माणसाला परवानाधारक वाटाड्याशिवाय शिकारीला जाता येत नाही. आमचा वाटाड्या डॉयल. त्यानं दोन जागा धरून ठेवल्या होत्या. दोन शिकारी, एक वाटाड्या, सहा दिवस. एक दिवस बाण सोडायची पाळी याची, एक दिवस त्याची. पहिला दिवस कुणाचा यावरून आम्ही असे भांडलो की माझी बायको लॉइस म्हणाली, "बाजारात तुरी, आणि तुमची आत्ताच हाणामारी!" शेवटी नाणं उडवलं. आर्डन जिंकला. मी हसलो, त्याच्या पाठीत थापही मारली, पण मनात ते कुसळासारखं रुतून बसलं. पहिल्या दिवशी रान निवांत असतं. जनावर सावध नसतं. हे मला माहीत होतं, आणि त्यालाही.

डॉयलचा फोन आला तेव्हा दोघं टेबलाशीच होतो. वय विचारलं, गुडघे विचारले, मग म्हणाला, "धनुष्य किती पौंडांचं ओढता? पन्नासच्या खाली मी कुणाला नेत नाही. बाण खोल जात नाही. जनावर रक्त गाळत डोंगर ओलांडतं आणि मी तीन दिवस त्याच्यामागे फिरतो."

"साठ," मी म्हणालो.

"पंचावन्न," आर्डन म्हणाला, आणि केकचा तुकडा तोंडात टाकला.

जूनमध्ये त्यानं दोरी बदलायला धनुष्य माझ्याकडे टाकलं. दोरी बदलली. मग आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, या माझ्या स्वभावाला जागलो. माझ्या कामाच्या खोलीत आढ्याला वजनाचा काटा टांगलेला आहे. त्याला धनुष्य अडकवलं आणि ओढलं. चव्वेचाळीस. दुसऱ्यांदा ओढलं. चव्वेचाळीसच. ओढायला हलकं जावं म्हणून दोन्ही पात्यांचे स्क्रू त्यानं मुद्दाम ढिले केले होते.

आर्डनचं घर माझ्या घरापासून चार दारं सोडून आहे. चालत जाऊन विचारता आलं असतं. 'काय रे, खांदा दुखतो का?' एवढंच. तीस वर्षांच्या दोस्तीत हा प्रश्न काही जड नव्हता. मी धनुष्य पुसून परत नेऊन दिलं आणि म्हणालो, "छान बसलीय दोरी."

तीन दिवस मी स्वतःला जखमी जनावराच्या गोष्टी सांगितल्या. चौथ्या दिवशी लॉइस बाजारात गेली तेव्हा डॉयलला फोन केला.

"आर्डन चव्वेचाळीस ओढतो," मी म्हणालो. "मी सांगितलं असं मात्र कळू देऊ नकोस."

डॉयलनं विचारलं, "त्याच्याशी बोललास यावर?"

"बोललो."

"काय म्हणाला?"

"ऐकत नाही."

खऱ्याच्या पोटात घातलेलं हे एवढंच खोटं. आता वाटतं, सगळं विष त्यातच होतं. तो मला आर्डनशी बोलायला सांगत होता आणि मी ती वाटच बंद करून टाकली. जनावराची कणव वगैरे मला काही आली नव्हती. मला पहिला दिवस हवा होता. त्याच्या दुखऱ्या खांद्यापायी माझे दिवस वाया जायला नको होते. एवढंच होतं, आणि ते मला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं.

गुरुवारी आर्डन नेहमीच्या वेळी आला. नेहमीच्या खुर्चीत बसला. लॉइसनं केक पुढे ठेवला, त्यानं ताटली बाजूला सारली.

"डॉयलनं मला काढलं," तो म्हणाला. "कुठून तरी त्याच्या कानावर गेलंय. खोटं बोलणारा माणूस डोंगरात नको म्हणाला. बरोबरच आहे त्याचं."

"खांदा?" मी विचारलं. आत्ता विचारलं!

"दोन वर्षं झाली. आतला स्नायू फाटलाय. डॉक्टर म्हणाला, या वयात शिवून उपयोग नाही."

"मग पंचावन्न कशाला सांगितलंस?"

"नाहीतर जागा कशी मिळणार? धनुष्य नसलेल्याला कोण नेतंय?" तो टेबलावरच्या नकाशाकडे बघत म्हणाला, "व्हर्न्या, मी बाण सोडणारच नव्हतो."

मला काही समजेना.

"मी मागे झाडीत बसणार होतो. मादीचा आवाज काढायला. हिवाळाभर गाडीत बसून शिकलोय, घरात बायको काढू देत नाही. म्हणते, कुणाला तरी पोटशूळ उठल्यासारखं वाटतं." तो हसला. "ऐक."

त्यानं खिशातून रबराची छोटी पट्टी काढली, टाळूला लावली आणि आवाज काढला. मऊ, लांबलेला, शेवटी जरासा वर वळणारा. लॉइस धुणं टाकून दारात येऊन उभी राहिली. इतका खरा आवाज मी फोनवरही ऐकला नव्हता.

"पण नाणं..." मी म्हणालो. "पहिल्या दिवसावरून भांडलास की माझ्याशी!"

"न भांडतो तर तुला संशय आला असता." त्यानं पट्टी तळहातावर घेतली. "सगळे दिवस तुझेच होते, गाढवा. सहाच्या सहा."

"आधी सांगायचंस."

"आधी सांगितलं असतं तर तू कीव करत मला नेलं असतंस. तिथं पोचल्यावर सांगणार होतो, पहिल्या सकाळी. तुझं तोंड बघायचं होतं मला."

मी उठलो आणि त्याच्यासमोरच डॉयलला फोन लावला. हा नुसता मागे बसेल, धनुष्यही आणणार नाही, म्हणून सांगितलं. गयावया केली. डॉयल म्हणाला, जागा काल सकाळी जॉर्जियाच्या एका माणसाला दिली. आणखी सात वाटाड्यांना विचारलं, सगळ्यांचा सप्टेंबर भरलेला. परवाना आर्डनच्या पाकिटात होता, त्याच्यावर त्याचं नाव होतं, आणि वाटाड्याशिवाय तो कागद चुलीत घालायच्या लायकीचा होता. अकरा वर्षं त्याच्यापायी खर्ची पडली होती. जॉर्जियाचा माणूस अर्धे दिवस घेणार होता, हेही तेव्हाच माझ्या ध्यानात आलं.

"राहू दे," आर्डन म्हणाला. "तू जा. दोघांतला एक तरी जाऊ दे."

तेव्हा दोन गोष्टी बोलता आल्या असत्या. डॉयलला मीच सांगितलं, ही एक. तुझ्याशिवाय मी जात नाही, ही दुसरी. दोन्ही ओठांपर्यंत आल्या होत्या, देवाशपथ आल्या होत्या. लॉइस माझ्याकडेच बघत होती. तिला काय कळलं होतं ते मी आजवर विचारलेलं नाही.

"बरं," मी म्हणालो. आणि लाज वाटते सांगायला, पुढे विचारलं, "तो आवाज मला शिकवशील?"

आर्डननं खिशातून एक कोरी पट्टी काढली. लॉइसकडून कात्री मागून घेतली, माझ्या टाळूच्या अंदाजानं पट्टीची कडा बारीक कापली आणि ती माझ्यापुढे धरली.

"खुर्ची जवळ घे," तो म्हणाला. "आणि घाई करू नकोस, घाई केली की नर पळतो."