हलू नका, फोटो हलतो

इमारतींच्या आतले फोटो काढून मी पोट भरतो, वीस वर्षं झाली. या धंद्यात माणूस म्हणजे नसती कटकट. गिऱ्हाइकाला हवा असतो जिना, खिडकी, फरशीवरचं ऊन. आणि नेमकं तिथेच कुणीतरी पिशवी घेऊन उभं! मग आम्ही लेन्सवर काळी काच चढवतो आणि दोन-तीन मिनिटं शटर उघडं ठेवतो. तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोत उरतच नाही.

म्हाताऱ्यांच्या विरंगुळा केंद्रावर गदा आली तेव्हा ते चालवणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. नगरपालिकेत ती जागा गोदामाला द्यायचं घाटत होतं. "केंद्र चालू ठेवा म्हणून अर्ज केलाय, त्याला चार फोटो जोडायचेत. आज शेवटचा दिवस. माणसं दिसू देत, बरं का," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, हा माझ्या हातचा मळ आहे," मी म्हणालो. जळो ती जीभ.

केंद्र वाचावं म्हणून माझाही जीव टांगणीला लागला होता. आई गेल्यापासून बाबा घरात मिठाची गुळणी धरून बसतात. तिथे मात्र कॅरमपाशी बसून सगळ्यांना अक्कल शिकवायचे, खदखदून हसायचे. ते हसणं ऐकायला मी त्यांना न्यायला मुद्दाम लवकर जायचो.

त्या सकाळी तीस-चाळीस मंडळी हजर होती. "नेहमीसारखं चालू द्या," मी सांगितलं. कॅरम रंगला, बायकांचा व्यायाम सुरू झाला, एक आजोबा टेबल टेनिसच्या चेंडूमागे धावत सुटले. मी ट्रायपॉड लावला, खिडकीतून उतरलेलं ऊन बघितलं आणि हात आपसूक काळ्या काचेकडे गेला. बाबांना भारी हौस. "अरे हलू नका, फोटो हलतो!" असं ओरडून ते गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले. चारही वेळा. बाकीच्यांनी त्यांना वेड्यात काढलं आणि खेळ चालू ठेवला.

दुपारी फोटो बघितले. काय ते ऊन, काय ती फरशी! स्वतःवर खूश होऊन मी ते परस्पर पालिकेच्या कार्यालयात पाठवून दिले. माणसं नाहीत हे मला खटकलंच नाही हो! वीस वर्षं या डोळ्यांना दुसरं शिकवलंय काय?

आठवड्याने बाईंना पत्र आलं. 'छायाचित्रांत भर सकाळी एकच लाभार्थी दिसतो. सबब केंद्र बंद करण्यात येत आहे.'

मी तसाच कार्यालयात धावलो. काळी काच, शटर, सगळं समजावलं. साहेबांनी फोटो माझ्यापुढे सरकवले. "तुम्हीच काढलेत ना?"

"हो, पण मी परत काढून आणतो."

"कुणाचे? कुलूप लागलंय तिथे."

बाईंनी मला फोटोंचे पैसे पाकिटात घालून दिले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा आता दिवसभर खुर्चीत असतात. काल नऊ दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं.

"खरं सांग, मी हललो तर नव्हतो ना रे? माझ्यामुळे तर फोटो बिघडले नाहीत?"

"नाही बाबा. तुम्ही एकदम लख्ख आलात."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि पुन्हा गुडघ्यांवर हात ठेवून बसले.