लेओंदिसचे हात

"हातांचं काय करू, ते सांगा आधी!" परांचीवरून चितारी निकिफोरोस ओरडला. "गिलावा ओला आहे तोवरच रंग मुरतो. भिंत काही कुणाची सून नाही, थांब म्हटलं की थांबायला!"

खाली उभ्या अर्गिरीला ते झोंबलं. ती सहा वर्षं थांबलीच होती. तिचा नवरा लेओंदिस बादशहाच्या आरमारात वल्हं मारायला गेला, तो परतला नाही. त्याचं जहाज जळताना पाहिलेला माणूस गावात येऊन सांगून गेला, तर सासूने त्यालाच हाकलून दिलं. तेव्हापासून अर्गिरी ना धड नवऱ्याची, ना धड विधवा. रडायचीसुद्धा चोरी.

गावाने चर्च रंगवायला काढलं, तेव्हा सासूने, कलिनीकीने, ऑलिव्हची दोन झाडं देऊन टाकली. म्हणून दाराजवळच्या भिंतीवर त्यांच्या घरच्यांचं चित्र यायचं होतं. सासू-सून जिवंत, त्यांचे हात प्रार्थनेला उचललेले. सासरा वारलेला, त्याच्या हातांची चितारीने न विचारताच छातीवर घडी घातली. लेओंदिसचा चेहरा झाला, झगा झाला आणि मनगटांपाशी ब्रश अडला.

"वर उचललेले," कलिनीकी म्हणाली.

"आजी, अख्खा गाव म्हणतो..."

"गावाने जन्माला घातला का त्याला?"

चितारीने सुस्कारा सोडला. "बरं, हात झग्यात लपवतो. मेला म्हणायला नको, जिवंत म्हणायला नको."

"लपवायला माझ्या पोराने काय चोरी केलीय?"

अर्गिरीने मान खाली घातली. मनात ती देवाला एवढंच विनवत होती की काहीतरी एक ठरू दे. हात एकदा वर गेले, की जन्मभर वाट पाहणं भिंतीवर लिहिलं गेलं. सासूला दुखवायचं धाडस तिच्यात नव्हतं. अर्गिरीला म्हातारीचाच तेवढा आधार होता आणि म्हातारीवर तिची मायाही होती.

निकिफोरोसने बोटाने गिलावा चाचपला. "सुकत चाललाय."

कलिनीकी भिंतीकडे टक लावून पाहत राहिली. मग तिने विचारलं, "हातांची घडी असली, की येणारा-जाणारा त्याच्या आत्म्यासाठी दोन शब्द म्हणतो ना?"

"म्हणतोच. त्यासाठीच तर तसे काढायचे."

"आणि वर असले तर?"

"जिवंत माणसाच्या आत्म्याला कोण शांती मागतं, आजी?"

"जिवंत असला तर येईल आणि मला शिव्या घालत भिंत खरवडेल. दांडगाच आहे तो. पण मेला असला, तर आईच्या हट्टापायी त्याच्यासाठी कुणी तोंड उघडायचं नाही? घाल घडी. उजवा हात डाव्यावर ठेव."

ब्रश चालू लागला. अर्गिरीच्या छातीवरची धोंड उतरली. इतकं हलकं वाटल्याची तिला लाज वाटली, तरी वाटलंच. सासूला कवटाळून ती मोठ्याने रडली आणि म्हातारीने तिला गप्प केलं नाही.

घरी जाताना चढावर कलिनीकी दम खायला थांबली.

"गहू भिजत घाल. शनिवारी त्याच्या आत्म्यासाठी उकडून चर्चमध्ये सगळ्यांना वाटू."

"हो, आई."

"मनुका भरपूर घाल. फार आवडायच्या त्याला."

लेओंदिस मनुका एकेक वेचून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि सासूची पाठ वळली की अर्गिरीच्या ताटात टाकायचा.

"घालते," अर्गिरी म्हणाली आणि तिने सासूचा हात धरला.