पन्नास प्रती

चौथा रंग सुकायला ठेवला तेव्हा सौंदर्याला पहिल्यांदा वाटलं, की चित्रातला हा माणूस आपण कुठंतरी बघितलाय.

उद्यमनगरात त्यांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. ती आणि तिचा नवरा प्रभुलिंग, राबणारी दोघंच. पत्रिका, कापडी पिशव्या, तालमींचे टी-शर्ट ही कामं तर होतीच, शिवाय गाड्यांवरची रेडियमची चित्रं सौंदर्या हातानं कापायची. मशीन आल्यापासून हातकाम मागं पडलं होतं, पण तिच्या ब्लेडला आणि प्रभुलिंगच्या शाई ओढण्याला गावात अजून नाव होतं. आपण त्या नावावरच आलोय, असं आदर्शनं सांगितलं होतं.

आदर्श कसबा बावड्याचा. पूर्वी लोक झोपले की स्प्रेचे डबे घेऊन बाहेर पडायचा, परक्यांच्या भिंती रंगवायचा आणि कोपऱ्यात एक घुबड काढून पसार व्हायचा. सकाळी मालक शिव्या घालत त्यावर चुना मारायचे. आता तेच घुबड मुंबईच्या गॅलरीत काचेमागं बसलं होतं. त्याला एक चित्र छापून हवं होतं. सात रंग, पन्नास प्रती, प्रत्येकीवर नंबर आणि सही. पन्नास झाल्या की स्क्रीन, म्हणजे छपाईच्या जाळ्या, फाडून टाकायच्या. एक्कावन्नावी प्रत जगात निघता कामा नये.

"मुंबईत काय छापणारी न्हाईत व्हय?" प्रभुलिंगनं विचारलं होतं.

"हाईत की दादा. पर चित्र हितलं हाय. हितल्याच हातानं छापायचं."

या कामात रंग एकदम उमटत नाहीत. एकेका रंगाची वेगळी स्क्रीन, आणि ती जिच्यावरून करायची ती फिल्म आदर्श एका वेळी एकच आणून द्यायचा. एक रंग सगळ्या कागदांवर ओढायचा, सुकू द्यायचा, मग त्यावर दुसरा. पहिले दोन दिवस कागदावर नुसतं पहाटेचं निळं-करडं आभाळ आणि बंद सूतगिरणीची लांब भिंत होती. तिसऱ्या रंगानं रस्ता आला. चौथ्यानं रस्त्यात उभा माणूस आला. पाठमोरा, वाकून खाली काहीतरी बघणारा. डावा खांदा उतरलेला.

प्रभुलिंगचा डावा खांदा तालमीत निखळला होता, तो कधी नीट बसलाच नाही.

'हजार माणसांचे खांदे असतात असे,' सौंदर्या मनाशी म्हणाली आणि पुढचा कागद उचलला. पण त्या दिवशी जेवताना तिच्या लक्षात आलं, की नवऱ्यानं भाकरीचा एक तुकडासुद्धा मोडला नव्हता.

पाचवा रंग लाल. रस्त्याच्या कडेला टेम्पो उमटला. माणसाच्या पायाशी सायकलचं वाकडं झालेलं चाक उमटलं आणि चाकापलीकडं एक हात. नुसता हात, तळवा वर केलेला.

त्यांचाही टेम्पो लाल होता. सहा वर्षांपूर्वी प्रभुलिंग पहाटे इचलकरंजीला पिशव्यांचा माल पोचवायला गेला आणि परत आला तेव्हा गाडीचा डावा दिवा फुटलेला होता. "म्हस आडवी आली," म्हणाला. मग आठ दिवस तापानं फणफणला. महिन्याच्या आत टेम्पो विकला आणि त्यानंतर कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. सौंदर्यानं विचारलं नव्हतं. म्हैस मेली का, कुणाची होती, मालक भांडला का, यातलं काहीच नाही. विचारलं नव्हतं ते का, हे तिला आता, लाल शाईनं भरलेले हात रॉकेलनं पुसताना कळत होतं.

संध्याकाळी तिनं सहावी स्क्रीन धुऊन उजेडाला धरली. हा रंग पांढरा. जाळीत टेम्पोच्या काचेवरचा नंदी दिसत होता. त्याचं उजवं शिंग मधेच तुटलेलं होतं.

तो नंदी तिनंच कापला होता. ब्लेड घसरलं, शिंग तुटलं, आता गिऱ्हाइकाला कसा द्यायचा म्हणून घरच्या टेम्पोला चिकटवला. तसला दुसरा नंदी अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. तिनं स्क्रीन भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि कुणाला काही न बोलता घरी आली.

सकाळी दुकान उघडलं तर सहावी स्क्रीन कोरी होती. कुणीतरी केमिकल लावून चित्र धुऊन टाकलं होतं. दुकानाच्या किल्ल्या दोन. एक तिच्या कमरेला, दुसरी प्रभुलिंगच्या खिशात. आणि आज तो उजाडताच 'दूध आणतो' म्हणून गेला होता, तो रिकाम्या किटलीनं परत आला होता.

आदर्शनं कोरी जाळी बघितली. चिडला नाही. "ऱ्हाऊ द्या. फिल्म हाय माझ्याजवळ, दुसरी करू," एवढंच म्हणाला. मग स्टूल ओढून टेबलासमोर बसला. "आज मी हितंच बसतो."

दुसरी स्क्रीन तयार होईपर्यंत दुपार झाली. आदर्शचा मोबाईल टेबलावर पालथा पडला होता. तो सगळं टिपत असेल का, असं सौंदर्याला वाटत राहिलं. हा कोण आहे? काय शोधतोय? घरी सासूबाई, प्रभुलिंगची अव्वा, आहेत, मुलगी बारावीला आहे. पोलिसांची गाडी गल्लीत आली तर काय सांगायचं?

प्रभुलिंगनं पांढरी शाई ओतली आणि ओढायला सुरुवात केली. एक कागद, दोन, तीन. प्रत्येक कागदावर तुटक्या शिंगाचा नंदी उगवत होता. नवव्या कागदावर त्याचा हात मध्येच थांबला. शाई फासली गेली.

"सरा तुमी," सौंदर्या म्हणाली. "मी वडते."

तिनं रबराची पट्टी हातात घेतली. थांबलं तर काहीतरी फुटेल असं तिला वाटत होतं, म्हणून ती ओढत राहिली. बाराव्या कागदाला आदर्शनं हळूच विचारलं, "वैनी, ह्यो नंदी तुमीच कापला न्हवं?"

"असलं लई कापल्यात."

"शिंग तुटल्यालं एकच असंल. चार महिनं ह्या नंदीचं चित्र घिऊन फिरतोय. सगळी म्हणत्यात, कापणी उद्यमनगरच्या वैनीची." त्याचा आवाज चिरकला. "कुणाच्या गाडीला लावलाता?"

तेवढ्यात मागं खडखड झाली. प्रभुलिंगनं शटर अर्ध्यावर ओढलं होतं. दुकानात अंधारून आलं. त्याच्या उजव्या हातात तिचं कापायचं ब्लेड होतं. ते त्यानं कधी उचललं, तिला कळलं नाही.

वीस वर्षं ज्याच्या शेजारी निजली, त्या माणसाची तिला त्या क्षणी भीती वाटली. ती टेबलाला वळसा घालून आदर्शच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली. "ते खाली ठेवा."

त्यानं ब्लेड धरलेल्या हाताकडं असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग ब्लेड रॅकवर ठेवलं आणि तिथंच फरशीवर बसला.

"माझ्याच," तो म्हणाला. "माझ्याच गाडीला लावलाता."

मग आदर्शच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला वाटलं गिऱ्हाईक असंल कुणीतर. तुमीच असशीला असं न्हवतं वाटलं, दादा."

"तू कुठं हुतास?"

"गिरणीच्या भिंतीआड. रंगवत हुतो. तुमी उतरला, वाकून बघितलं, गेला. मग मी जवळ गेलो. त्यो हलत हुता." आदर्शनं तोंड पुसलं. "पर माझ्यावर आधीच दोन तक्रारी हुत्या. डबं उचललं आन् पळालो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. यंत्रमागावरचा कामगार, बिहारचा, रात्रपाळी करून खोलीवर निघालता. भिंतीवर मी किती चित्रं काढली त्येच्या मागनं, पर डोळं मिटलं की ह्येच दिसतंय."

"मीबी बघितलं," प्रभुलिंग म्हणाला. "हलताना. अव्वाची आण, मला वाटलं परत फिरावं. फाट्यापतूर जाऊन थांबलतो. मग न्हाय फिरलो."

सौंदर्यानं शटर वर ढकललं. उजेड आला. तिला रडू आलं नाही, नवऱ्याला शिव्याही द्याव्याशा वाटल्या नाहीत. "उठा," ती म्हणाली. "दोघंबी उठा. चपला घाला."

त्याच संध्याकाळी दोघांनी पोलीस ठाण्यात जबाब दिले. प्रभुलिंगला आत घेतलं. पोलिसांनी एक कागद पुरावा म्हणून नेला. बाकीचे रॅकवर तसेच राहिले. सातवा रंग, दिव्याचा पिवळा, कुणी ओढलाच नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली, मुलगी दोन दिवस क्लासला गेली नाही.

तिसऱ्या दिवशी सौंदर्या इचलकरंजीच्या एसटीत बसली. मेलेल्या माणसाचा भाऊ अजून तिथल्याच एका शेडमध्ये माग चालवतो, हे आदर्शनं शोधून काढलं होतं. पोलिसांकडून कळण्याआधी आपल्या तोंडून कळावं, असं तिनं ठरवलं होतं. पण शेडच्या दारात उभी राहिली आणि पाऊल उचलेना. आत तीस-चाळीस माग एकदम धडाडत होते. जमीन हादरत होती. मुकादमानं बोट दाखवलं, भाऊ तिसऱ्या मागावर होता. बारीक, पंचविशीचा, कानात कापूस.

ती त्याच्याजवळ गेली आणि बोलली. त्याला ऐकू आलं नाही. ती पुन्हा बोलली. त्यानं कानाकडं बोट करून मान हलवली. मग जे वाक्य तिनं एसटीत पुटपुटत पाठ केलं होतं, ते तिला त्या आवाजात ओरडून सांगावं लागलं. "तुम्हारे भाई को जिस गाडी ने मारा, वो हमारी थी! मेरा आदमी चला रहा था!"

त्यानं माग बंद केला. शेजारचे चालूच होते. तो तिच्याकडं वळला. तो मारेल, असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटले नाहीत.

त्यानं कानातला कापूस काढला आणि तिच्याजवळ तोंड आणून विचारलं, "तब ज़िंदा था?"

सहा वर्षं ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्या पोराला काय सांगायचं? 'जागच्या जागी गेला' म्हटलं असतं तर त्याला झोप लागली असती. तिलाही.

"था," सौंदर्या म्हणाली.

तो खाली सुताच्या गाठोड्यावर बसला. तीही त्याच्यासमोर फरशीवर बसली, आणि शेड धडाडत राहिली.