नमुना अपुरा

तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. त्याहूनही थोडा लहानच.

मानेसरहून दिल्लीच्या या हॉस्पिटलात यायला दोन तास.

मुनिरक्यातल्या लुंबिनीच्या खोलीला खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीवर उघडते.

"पेशंटचं तोंडही बघायचं नाही, तर डॉक्टर कशाला झालीस गं?" तिची आई प्रेमलाबाई, गाझियाबादहून, फोनवर, दर रविवारी.

जाळीच्या प्लास्टिकच्या डबीत काही नव्हतं.

लुंबिनीने ती डबी दिव्यासमोर धरली, उलटी करून आपटली. पॅथॉलॉजीला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलं होतं: पेशंटच्या शरीरातून सुईने काढलेला बारीक तुकडा आधी कागदात गुंडाळायचा, मगच डबीत ठेवायचा. नाहीतर मशीनमधल्या रसायनांत तो जाळीतून निसटतो. सोमवारी टेबलावरचा कागद संपला होता आणि चाळीस बाटल्या रांगेत होत्या. एकदा नाही गुंडाळला तर काय होतंय, असं म्हणत तिने एक तुकडा तसाच डबीत ठेवला.

मंगळवारची सगळी सकाळ ती रसायनं गाळत बसली. बाटली, चिमटा, केराची बादली, सगळं पालथं घातलं.

"नमुना अपुरा, असं लिहून टाक," तिचा सीनियर इंद्रजित म्हणाला. "सगळेच लिहितात, यार. परत काढतील."

"नाही काढता येणार, सर. पहिल्याच सुईला पेशंटचं फुप्फुस बसलंय. फॉर्मवर आहे."

"मग तर लिहीच. अजून दोन वर्षं काढायचीत तुला इथे."

तिने लिहिलं.

दुपारी रिपोर्टच्या खिडकीवर धीरज आला. मानेसरच्या कारखान्यात रजा टाकून. बायकोच्या तुकड्याची बाटली त्यानेच दोन्ही हातांत धरून आणून दिली होती. तेव्हा लुंबिनी आईशी फोनवर बोलत होती; मराठी कानावर पडली आणि त्याने तिला बहीणच करून टाकलं.

"ताई, रसिकाचा रिपोर्ट? डॉक्टर म्हणतात, त्याच्याशिवाय औषध सुरू होत नाही."

तिने कागद पुढे सरकवला. त्याने शब्दांवर बोट ठेवत वाचला.

"अपुरा म्हणजे, कमी काढला?" मग स्वतःच मान हलवली. "माझंच चुकलं, ताई. तिला सोसत नाही, थोडाच काढा, म्हणून मीच हातापाया पडलो होतो त्यांच्या."

"नाही हो, दादा," लुंबिनी म्हणाली. "तुकडा पुरेसा होता. माझ्या हातून हरवला."

आतून इंद्रजितने वळून पाहिलं.

आता हा ओरडेल, काच फोडेल, म्हणून ती टेबलाची कड धरून उभी राहिली. धीरजने कागदाची नीट घडी केली, खिशात घातली. मग खिडकीत वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला,

"शोधायला किती वेळ लागेल, ताई? मी बसतो इथेच."

त्या सोमवारी, तिने न उघडलेल्या टेबलाच्या दुसऱ्या खणात, कागदाचं न फोडलेलं पाकीट होतं.