हात कुठे असतो?

फोन हातात घेतला की बाळाची झोप उडते, म्हणून मी घड्याळ घेतलं. पाणबुडे वापरतात तसलं, ऑटोमॅटिक. त्यातलं सगळ्यात स्वस्त. डायलभोवतीचं कडं फिरतं. दूध पाजायला बसलं की कड्यावरची खूण मिनिटकाट्यापाशी आणायची. किती मिनिटं झाली ते नुसतं बघून कळतं.

"दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं म्हणे," नवरा म्हणाला. "आपल्या बादलीत जपून हं!"

दहा दिवसांत परत करता येणार होतं. मी रोज सकाळी फोनशी ताडून वहीत फरक लिहायचे. पहिल्या दिवशी सहा सेकंद पुढे, दुसऱ्या दिवशी पाच. मग मागे पडायला लागलं. आठव्या दिवशी मांडीवर बाळ घेऊन मी निवांत बसले होते, घड्याळात सव्वा वाजला होता. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, दोनचं औषध दिलंस ना? तीन वाजत आले."

मी घड्याळ नीट बघितलं, सेकंदकाटा हलतच नव्हता. बाळाचा खोकला ऐकत मी औषध पाजलं. "तासाभरानं काही बिघडत नाही," सासूबाई म्हणाल्या. पण मला ते घड्याळ आता हातावर नकोसं झालं. आणि परत करायचंही जिवावर आलं. बाळ झाल्यापासून मी स्वतःसाठी घेतलेली ती पहिलीच वस्तू.

नवव्या दिवशी बाळाला सासूबाईंकडे ठेवून कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं, बराच वेळ बघितलं.

"मशीन ठणठणीत आहे. ताई, हे दिवसभर कुठे असतं?"

"डाव्या हातावर. बाळाला अंघोळ घालताना काढते, ओरखडा उठेल म्हणून. रात्रीही काढते."

"आणि हात कुठे असतो?"

"बाळाच्या डोक्याखाली."

"हलतो?"

"छे! हलला की उठतं ना ते."

घड्याळजी हसले. "अहो, मग याला चावी कोण देणार? हे हाताच्या हालचालीवर चालतं. तुमचा हात म्हणजे नुसती उशी." त्यांनी चावी तीसेक वेळा फिरवून वेळही लावून दिली.

तेवढ्यात मला दुसरा हात आठवला. डावा उशी झालेला असतो तेव्हा उजवा सतत थोपटत असतो. घरी येऊन घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं. चावी आता कोपराकडच्या बाजूला येऊन रुतायची, म्हणून पट्टा एक भोक सैल केला. थोपटताना आत काहीतरी गरगर फिरल्याचं जाणवायचं. इतके दिवस ते मला एकदाही जाणवलं नव्हतं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी नवरा म्हणाला, "चल, दुकान आठला बंद होतं. बिल कुठंय?"

"थांब जरा."

"अगं, साडेसात झाले!"

"सात अठ्ठावीस," मी म्हणाले, आणि थोपटत राहिले.

आठ वाजून गेल्यावर मी चोरून फोन बघितला. घड्याळ चार सेकंद पुढे होतं. मागे असतं तर मला झोप लागली नसती.