कापडी बांधणीपाशी डावीकडे

रागवायचं म्हटलं की मला आधी समोरच्याचीच बाजू पटू लागते. शिवाय चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेली. तिथं आवाज चढवायची सोयच नव्हती. त्यामुळे त्या दुपारी जे झालं ते माझ्याच्यानं झालं, यावर माझा अजून पुरता विश्वास नाही.

दादा शहाऐंशीचा. जन्मभर शिवणकाम केलं आणि त्यावर आम्हा दोघा धाकट्या भावांना शिकवलं. दोन वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. तेव्हापासून त्याचा एकच हट्ट आहे: संडासला मी माझ्या पायांनी जाणार. पलंगापासून तिथवर चौदा पावलं. मधल्या बोळाची भिंत पोकळ. कठडा बसवायला आलेला सुतार म्हणाला, हिच्यात स्क्रू धरायचा नाही, भार दिला की कठडा आणि म्हातारा दोघंही खाली. मग मला सुचलं ते मी केलं, आणि मला पुस्तकांपलीकडे काही सुचत नाही. घरातली जाड बांधणीची पुस्तकं भिंतीलगत एका बाकावर, हाताला लागतील अशी रचली. दादा बोटांनी कापड ओळखणारा माणूस. गुळगुळीत कातडी पाठ लागली की सरळ. खरखरीत कापडी लागली की डावीकडे. उठावाची अक्षरं लागली की समोर दार. "तुझी पुस्तकं एकदाची कामाला आली," हे तो मला रोज ऐकवायचा.

धाकटा वर्षातून चार दिवस येतो. आम्ही त्याला साहेब म्हणतो. घरच्या ग्रुपवर त्यानं माझं नाव 'काळजीवाहू सरकार' ठेवलं आहे. म्हणजे रोजचा कारभार बघायचा, धोरणात्मक निर्णय घ्यायचे नाहीत. सगळे हसले. मीही हसलो, विनोद चांगलाच होता.

त्या दिवशी मी औषधं आणायला गेलो. दुकानात गर्दी, दीड तास मोडला. परत येऊन पाहतो तर बोळ लख्ख. बाक नाही, पुस्तकं नाहीत, फरशी पुसलेली. आणि मधोमध दादा उभा. उजवा तळवा हवेत, कुणी कापडाचा तागा उलगडून पुढे धरावा आणि यानं पोत सांगावा, तसा. लेंगा ओला. पायाशी थारोळं.

"भाऊ," तो म्हणाला, "भिंत कुठं गेली रे?"

साहेब गॅलरीत फोनवर होता. आत आला आणि मऊ आवाजात मला समजावू लागला. किती धूळ होती, अडखळून हाड मोडलं असतं तर, आणि रद्दीवाला आयताच खाली आला होता. मग त्यानं आपल्या बॅगेतून एक पाकीट काढलं. मोठ्या माणसांचे डायपर. "मी येतानाच घेऊन आलो होतो," तो म्हणाला. "आता वेळ आलीय, भाऊ."

धुळीचं मला पटत होतं. हाडाचंही पटत होतं. ते 'येतानाच' मात्र पटेना.

दादाला पुसून, कपडे बदलून मी पलंगावर बसवलं. मग साहेबाला म्हणालो, "चप्पल घाल. रद्दीवाल्याकडे जायचंय."

"जुन्या पुस्तकांपायी एवढं..."

"दादानं मशीनवर डोळे फोडले तेव्हा तू साहेब झालास. आणि तू त्याची चौदा पावलं रद्दीत घातलीस."

लोकांचा राग गडगडतो म्हणे. माझा चिरकला. पण थांबला नाही. जिन्यावर चालू होता, रस्त्यावरही चालू होता. शेजारीण पिशवी घेऊन तशीच उभी राहिली.

रद्दीवाल्याकडे पुठ्ठा वेगळा जातो, कागद वेगळा. त्यानं सगळी पुस्तकं सोलून ठेवली होती. पानं घेऊन टेम्पो गेला होता. "संपलंच की मग," साहेब म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला सुटकेचा सुस्कारा ऐकू आला. मी पुठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यात वाकलो. कातडी, कापडी, उठावाची. एकेक शोधून त्याच्या हातांवर रचत गेलो, त्याची हनुवटी टेकेपर्यंत.

ज्या भिंतीत स्क्रू धरत नव्हता, तिच्यावर खळ मात्र धरली. संध्याकाळभर साहेब इस्त्रीच्या पँटमध्येच गुडघे टेकून पुठ्ठे चिकटवत होता. दादा पलंगावरून हुकूम सोडत होता, "ताणून लाव, चुणी नको." खळ वाळल्यावर तो उठला, भिंतीवर बोटं ठेवून निघाला आणि वळणापाशी थबकला.

"हे उलटं लावलंय."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. "आता वाळलं ते. चालेल की तेवढं."

"काढ," मी म्हणालो.

"भाऊ..."

"काळजीवाहू सरकारचा धोरणात्मक निर्णय आहे. काढ आणि सरळ लाव."

त्यानं काढलं. खाली वाकलेली त्याची टाळू पाहून मला वाईट वाटलं. त्याच्याही डोक्यावर आता केस राहिलेले नाहीत. पण राग गेला नाही. तो दुसऱ्या सकाळीही माझ्याआधी उठून बसला होता. साहेब निघाला तेव्हा मी त्याची बॅग उघडली, ते पाकीट शर्टांच्या वर ठेवलं आणि चेन लावून दिली. तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात बोळाच्या टोकाला आतून कडी लागल्याचा आवाज आला.